मासे सोडण्याआधी वही उघडा

आजचा विषय मासे. खायचे नाहीत, नदीत सोडायचे. गेल्या काही महिन्यांत माझ्या गावाकडच्या मित्रांशी यावर इतका वाद झाला की म्हटलं, एक अख्खा भागच करू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं गाव पोखर्णी, परभणी जिल्हा. परभणीहून गंगाखेडला जाताना रस्त्यात लागतं. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर 'पोखर्णी नृसिंह' लिहिलेलं असतं, कारण गावाची ओळखच नृसिंहाच्या देवळामुळे. पुढे गंगाखेडला गोदावरी. आमच्याकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण सुट्टीला घरी गेलो की गंगेवर एक चक्कर असतेच.

तर झालं असं की आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक कल्पना आली. नृसिंह जयंतीला सगळ्यांनी वर्गणी काढायची, लोणावळ्याच्या बाजूने महसीरची बोटुकली आणायची आणि गंगाखेडजवळ गंगेत सोडायची. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला माहीत नसेल तर, बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. कल्पना ऐकायला किती छान! धर्मही झाला, निसर्गही झाला, फोटोही झाला. पैसे जमायलाही लागले. आणि मी म्हटलं, थांबा. ते का म्हटलं, तो आजचा भाग.

क्लब वर्षभर करतो काय?

कंपनीच्या प्रोजेक्टसाठी मी एक वर्ष अमेरिकेत कोलोरॅडोला होतो. तिथे ऑफिसमधल्या एकाच्या नादाने फ्लाय फिशिंग शिकलो. हा गळाने मासे धरायचाच प्रकार आहे, पण गळाला गांडूळ किंवा कणीक नसते. पिसं, धागा, थोडे केस असं बांधून गळावरच एक खोटा किडा तयार करतात. त्याला 'फ्लाय' म्हणतात. त्याला वजन नसतं, म्हणून दोरीच जाड आणि जड असते. फेकायची ती दोरी, किडा तिच्या मागे जातो. मासा लागला की हात ओले करून, शक्यतो पाण्यातच ठेवून, गळ काढायचा आणि मासा सोडून द्यायचा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असतो, म्हणजे जखम कमी होते.

तुम्ही म्हणाल, सोडायचाच तर धरायचा कशाला? माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. तिला जे उत्तर दिलं तेच तुम्हाला देतो. धरणारा माणूस नदीवर जातो. जो जातो त्याला कळतं की पाणी कधी आटलं, कधी काळं झालं, कुठला मासा यायचा बंद झाला. घरात बसलेल्याला ते कळत नाही.

तिकडे ट्राउट अनलिमिटेड नावाची संस्था आहे. १९५९ साली मिशिगनमध्ये, ऑ सेबल नदीच्या काठी, काही गळवाल्यांनी ती सुरू केली. त्यांची मूळ तक्रार ऐकण्यासारखी आहे. सरकार हॅचरीत मासे वाढवून नदीत ओततं, लोक ते धरून नेतात, पुढच्या वर्षी पुन्हा ओतायचे. यांचं म्हणणं होतं की मासे ओतू नका, नदी नीट ठेवा. आज गावोगावी त्यांच्या शाखा आहेत आणि कामं ऋतूप्रमाणे चालतात.

थंडीत बाहेर बर्फ, मग लोक संध्याकाळी जमून फ्लाय बांधतात. नवीन पोरं इथेच शिकतात. त्याच काळात शाळांमध्ये काचेच्या टाकीत ट्राउटची अंडी देतात. मुलं पाणी तपासतात आणि पिल्लं मोठी होताना बघतात. वसंतात काठावर झाडं लावायची, कारण सावली गेली की पाणी तापतं, आणि ट्राउट थंड पाण्यातला मासा. उन्हाळ्यात प्रत्येकाच्या खिशात थर्मामीटर. पाणी साधारण २० अंश सेल्सियसच्या वर गेलं की गळ गुंडाळून घरी जायचं, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि दमलेला मासा सोडला तरी मरतो. शरद ऋतूत काही ट्राउटची मादी शेपटीने गोट्यांमध्ये खड्डा करून अंडी घालते. काठाकाठाने चालत ते खड्डे मोजायचे आणि त्यावर पाय पडू द्यायचा नाही.

या यादीत मासे धरणं किती कमी आहे ते बघा. बहुतेक काम मोजायचं आणि लिहून ठेवायचं.

चुकीचा मासा वाचवला

तिथल्या जुन्या सभासदांकडून मी पहिल्यांदा ग्रीनबॅक ट्राउटची गोष्ट ऐकली. पूर्ण नाव ग्रीनबॅक कटथ्रोट. हा कोलोरॅडोचा राज्यमासा. १९३७च्या सुमारास तो संपला असं मानलं गेलं. पुढे डोंगरातल्या काही ओढ्यांत तसा दिसणारा मासा सापडला, सगळ्यांना आनंद झाला. त्याची पैदास केली, कित्येक ओढ्यांत सोडला, अनेक वर्षं सरकारचा आणि लोकांचा पैसा आणि घाम त्यात गेला.

२०१२ साली शास्त्रज्ञांनी संग्रहालयांत बाटलीत ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या माशांचा डीएनए तपासला. निघालं काय? इतकी वर्षं वाचवत होते तो ग्रीनबॅक नव्हताच, त्याचा भाऊबंद होता. खरा ग्रीनबॅक फक्त एका ठिकाणी उरला होता, कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीक नावाच्या छोट्या ओढ्यात. म्हणजे एका ओढ्यावर एक जात टिकून होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. हर्मन गल्च नावाच्या डोंगरी ओढ्यात २०१६ साली स्वयंसेवकांनी पाण्याच्या पिशव्यांत मासे भरून, त्या पाठीवर घेऊन, चढ चढून नेले. ते तिथे आपोआप पिल्लं घालायला लागले, हे सरकारने जाहीर केलं २०२२ मध्ये.

ऐकताना वाटलं, चला, अमेरिकेतली गोष्ट. पुण्यात परत आल्यावर वाचायला लागलो तेव्हा कळलं की अशीच गोष्ट आपल्याकडे झालीय. आणि तिची सुरुवात लोणावळ्यात आहे.

लोणावळा ते कावेरी

दख्खनचा महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं, त्यात या माशाची ओळख पहिल्यांदा जगाला झाली. मासा मिळाला होता मुळा-मुठेत! आज पुण्यात पुलावरून नाक दाबून जातो ना आपण, तीच मुळा-मुठा.

धरणं झाली, सुरुंग लावून मासे मारणं वाढलं, महसीर कमी झाला. तेव्हा लोणावळ्याला वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात महसीरची पैदास सुरू केली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७८ मध्ये या कामावर लिहिलेला शोधनिबंध आजही वाचला जातो. पावसाळ्यात प्रजननाला तयार झालेले नर-मादी धरायचे, मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य मिसळायचं, मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये अंडी ठेवायची. तेव्हा हे करणं सोपं नव्हतं. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असं काम आहे, त्याबद्दल वाद नाही. टॉर खुद्री आधी 'धोक्यात' या यादीत होता. २०१८च्या मूल्यांकनात आययूसीएनने त्याला 'सर्वात कमी चिंता' या गटात ठेवलं.

आता पुढचं ऐका. लोणावळ्याची बोटुकली देशभर गेली, तशी कावेरीतही गेली. कावेरीत स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड मोठा. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनीत गळाने धरलेल्या महसीरचं वजन १२० पौंड होतं, म्हणजे जवळपास ५४ किलो. एका पोत्यापेक्षा जास्त! १९७० नंतर बंगळुरूच्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने कावेरीचा एक पट्टा सांभाळायला घेतला. मासा धरायचा, मोजायचा, सोडायचा हा नियम. चोरून मारणाऱ्यांवर पाळत ठेवायची, आणि त्या कामाला आसपासच्याच गावांतली माणसं. जगभरचे गळवाले यायला लागले. तो पट्टा टिकला तो या लोकांमुळे.

आणि याच नदीत, चांगल्या मनाने, पाहुणा महसीर सोडला गेला.

वरवर सगळं मस्त दिसत होतं. मासे भरपूर लागत होते. पण कावेरीवरच्या गॅलिबोर कॅम्पवर एक सवय होती. कोण किती तास बसला, किती मासे लागले, वजन किती, हे वहीत लिहायचं. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये छापल्या. चित्र काय निघालं? माशांची संख्या वाढत गेली, पण सरासरी वजन उतरत गेलं. लागणारे मासे बहुतेक निळसर पराचे, म्हणजे बाहेरून आणलेले. उंचवट्याच्या महसीरची पिल्लं जवळजवळ दिसेनाशी झाली होती. मोठे म्हातारे मासे अधूनमधून लागायचे, मागून तरुण पिढीच येत नव्हती.

मोठी विचित्र गोष्ट पुढे आहे. ज्या माशामुळे कावेरी जगात गाजली, त्याला तोवर पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं! नाव नाही तर यादीत नाही, यादीत नाही तर संरक्षण नाही. २०१८ मध्ये ठरलं की हा टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो आययूसीएनच्या 'अतिशय गंभीर धोक्यात' या गटात गेला. एकाच वर्षी लोणावळ्याचा मासा सुरक्षित ठरला आणि त्यामुळे ज्याची जागा गेली तो कावेरीचा मासा मरणाच्या दारात. कावेरीची धरणं, वाळूउपसा, सुरुंग हे सगळे दोषी आहेतच. पण त्यात आपण प्रेमाने सोडलेला मासाही आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आम्ही काही रिलीज केलं आणि बिघडलं तर रोलबॅक करतो, आधीचं व्हर्जन परत लावतो. नदीत रोलबॅक नाही. आणि कावेरीत काय बिघडलं ते तरी का कळलं? कुणीतरी लॉग ठेवला होता म्हणून.

आमच्या गंगेवरचं वर्ष

हे सगळं ग्रुपवर टाकलं. एका मित्राने सरळ विचारलं, "मग काय करायचंच नाही का? नुसती भाषणं?" रास्त प्रश्न होता. त्यावर ठरलं की वर्गणीला हात लावायचा नाही, आधी एक वर्ष नदी बघायची. आम्ही पाच-सहा जण. क्लब म्हणायला नाव नाही, पाटी नाही. एक वही, दोन थर्मामीटर आणि मी तिकडून आणलेला एक रॉड.

वैशाखात पहिली फेरी केली, मुद्दाम नृसिंह जयंतीच्या आसपास. ज्या दिवशी मासे सोडायचं चाललं होतं तो दिवस. नदी म्हणजे वाळू आणि मध्ये मध्ये डोह. दुपारी पाण्यात हात घातला तर कोमट. महसीर हा खळाळत्या, गोट्यांच्या, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातला मासा. वर पैठणला जायकवाडी, खाली ठिकठिकाणी बंधारे, मध्ये आमचे हे डोह. त्या दिवशी ती पिल्लं सोडली असती तर फोटो निघाला असता आणि संध्याकाळपर्यंत बगळ्यांची पंगत झाली असती.

ज्येष्ठ-आषाढात पहिलं लाल पाणी आलं. नव्या पाण्याला उलटं चढून मासे अंडी घालायला वर येतात, ते चढणीचे मासे. लोक याच दिवसांत सगळ्यात जास्त धरतात, कारण तेव्हा ते सोपे असतात. पोटात गाभोळी असलेला एक मासा गेला म्हणजे पुढची अख्खी वेल गेली. या दिवसांत आम्ही रॉड बाहेर काढलाच नाही, नुसतं बघितलं आणि लिहिलं.

श्रावण-भाद्रपदात पूर, वही बंद. दिवाळीनंतर पाणी निवळलं आणि खरं काम सुरू झालं. आठवडी बाजारात टोपल्यांसमोर उभं राहायचं आणि काय आलंय ते लिहायचं. कटला, रोहू, मृगळ हे बीज सोडून वाढवलेले, मूळचे उत्तरेच्या गंगेचे. आमच्या गंगेत त्या गंगेचे मासे, गंमतच आहे! मग चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेचा मासा. इथले म्हणावेत असे मरळ, वाम, शिंगाडा. ते असतात, पण टोपलीच्या कडेला आणि भाव जास्त. महसीर एकाही फेरीत नाही.

आणि हिवाळ्यात भोई समाजातल्या एका काकांशी गट्टी जमली. सगळं आयुष्य गंगेवर गेलेलं. मी रॉड फेकून दाखवला, एक छोटासा मासा धरून सोडला. काका बघत राहिले आणि म्हणाले, "दादा, धरलाव अन् सोडलाव? तुमचा खेळ हाय, आमचं प्वाट हाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असू पण नये. बाहेरून येऊन नदीवर नियम लावायचा हक्क आम्हाला कुणी दिला? ज्याचं घर त्यावर चालतं त्याच्या हातून जाळं काढून आम्ही निसर्ग वाचवणार असू तर तो शहरी शौक झाला. म्हणून आम्ही नियम सांगितला नाही. उलट त्यांनाच विचारलं, तुमच्या लहानपणी इथे काय मिळायचं? काका बोलत गेले, आम्ही लिहीत गेलो. कुठला मासा कुठल्या नक्षत्राला यायचा, कुठल्या डोहात बसायचा, कुठला आता दिसतच नाही. काही नावं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. महसीर सोडायचं चाललं होतं हे सांगितल्यावर म्हणाले, "सोडा की, पण इथं हाय त्येलाच जागा न्हाई. नवीन पाव्हना कुठं बसवायलाव?"

अख्ख्या वर्षाचा निष्कर्ष त्यांनी एका वाक्यात सांगितला.

मग पैशाचं काय केलं?

वर्गणीतून तीन कामं ठरली. डोहात अडकलेले जाळ्यांचे तुकडे काढायचे. फाटकं नायलॉन पाण्यात पडलं की कुणाचाही उपयोग नसताना मासे अडकवत राहतं. उन्हाळ्यात पाणी कमी असताना हे काम होतं, आणि काकांची माणसंच ते नीट करू शकतात, म्हणून त्यांना रोजाने पैसे द्यायचे. दुसरं, पावसाच्या सुरुवातीला एक डोह मोकळा सोडायचा. कुठला, हे काकांनी आणि त्यांच्या भावकीने ठरवलं. बाहेरून येऊन करंट लावणारे आणि ब्लीचिंग पावडर टाकणारे त्यांनाही नकोच आहेत, तिथे आमचं आणि त्यांचं एकमत आहे. तिसरं, वही पुढे चालू ठेवायची.

मासा वाचवायला माणूस आणि श्रद्धा आड येत नाहीत, हे आपल्याकडे जुनं आहे. रायगड जिल्ह्यात महाडकडे वाळणकोंडला, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरापाशी, देवाचे मासे म्हणून महसीर कुणी धरत नाही. तिथे ते हातभर अंतरावर पोहताना दिसतात. तिथल्या गावांनी काही आणून सोडलं नाही. जे होतं त्याला हात लावला नाही, इतकंच. मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे, तेही काठावर बसून पहारा देण्याचं काम करतात.

ग्रुपमध्ये सगळ्यांना हे पटलं असं नाही. दोघांचं अजून म्हणणं आहे की बोटुकली सोडली असती तर गावाचं नाव झालं असतं. होईलही कदाचित. पण उद्या एखादा खरंच विचारायला आला की या पट्ट्यात मूळ कुठले मासे होते, तर त्याला दाखवायला आमच्याकडे वही असेल. कोलोरॅडोत ते उत्तर शोधायला संग्रहालयातल्या बाटल्या उघडाव्या लागल्या. आपल्याकडे अजून काका आहेत. किती वर्षं असतील, सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. तुमच्या गावाला नदी, ओढा, तळं काहीही असेल, तर घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुमच्या लहानपणी इथे कुठले मासे होते. नावं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, शुद्ध करू नका. कुठे, कुठल्या महिन्यात, केवढा, हेही लिहा. आणि कुणी मासे सोडायचा कार्यक्रम ठेवला असेल तर हार-तुरे आणण्याआधी एक प्रश्न विचारा: हा मासा इथलाच आहे का?

आजच्यासाठी एवढंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.